कंसाआधीचे वजाचिन्ह: दहावीच्या बीजगणिताच्या गृहपाठाला वर्गाबाहेर मिळालेल्या मदतीचा प्रकरण अभ्यास

चाळीसगाव तालुक्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत दहावीला असलेल्या विद्यार्थिनीचे हे प्रकरण आहे. तिची, तिच्या कुटुंबाची आणि शाळेची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. गणित मात्र तिने वहीत जसे मांडले तसेच येथे ठेवले आहे. फक्त पाठ्यपुस्तकातील इंग्रजी अक्षरांच्या जागी क्ष आणि य ही चले घेतली आहेत. सेवानिवृत्तीनंतर मी वाचनालयाच्या अभ्यासिकेत संध्याकाळी गणिताच्या अडचणी घेऊन येणाऱ्या मुलांबरोबर बसतो. दिवाळीच्या सुटीनंतर ही मुलगी आईसोबत तेथे आली.

आईची तक्रार नेमकी होती. "सर, हिची वही बघा. एकही उदाहरण राहिलेलं नाही, सगळीकडे बाईंची सही आहे. मग पेपरात असं का होतं?" राज्य मंडळाच्या दहावीच्या गणितात भाग १ म्हणजे बीजगणित आणि भाग २ म्हणजे भूमिती अशा प्रत्येकी ४० गुणांच्या दोन लेखी प्रश्नपत्रिका असतात आणि २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. प्रथम सत्र परीक्षेत या मुलीला भूमितीत २६ आणि बीजगणितात १२ गुण मिळाले होते. प्रमेयाची सिद्धता कारणांसह लिहू शकणाऱ्या मुलीला गणिताची बुद्धीच नाही, असे म्हणायला जागा नव्हती. वही पूर्ण, भूमिती बरी आणि बीजगणित ढासळलेले, या तिन्ही गोष्टी एकत्र कशा नांदतात हे शोधायचे होते.

मदतीचे मार्ग

शाळेबाहेर तिला मदत कमी नव्हती. शाळा सुटल्यावर ती एका खासगी शिकवणीला जात असे आणि तेथील अभ्यासक्रम शाळेच्या पुढे धावत होता. शाळेत वर्गसमीकरणे चालू असताना शिकवणीत अंकगणिती श्रेढी संपत आली होती, त्यामुळे रोज रात्री दोन वेगवेगळ्या प्रकरणांचा गृहपाठ तिच्यापुढे असे. दोन्ही पूर्ण करायचे तर एखाद्या उदाहरणावर अडून बसणे तिला परवडत नव्हते. ही बाब मला फार महत्त्वाची वाटते, कारण बीजगणितातले बरेचसे शिकणे अडल्यावरच सुरू होते, आणि अडून राहण्यासाठी लागणारा वेळच तिच्या दिवसातून काढून घेतला गेला होता.

घरी गाईड होते. पाठ्यपुस्तकातील प्रत्येक सरावसंचाची आणि संकीर्ण प्रश्नसंग्रहाची पूर्ण उकल त्यात पायऱ्यांसह छापलेली असते. ती आधी स्वतः उदाहरण सोडवून पाहत असे. उत्तर पुस्तकाच्या शेवटी दिलेल्या उत्तराशी जुळले नाही, की आपली मांडणी खोडरबराने पुसून गाईडमधली उतरवत असे. कामचुकार मुलांच्या नकलेत आणि या मुलीच्या वागण्यात फरक होता, कारण तिचा प्रयत्न प्रत्येक वेळी खरा होता. तो प्रयत्न पुसला जात होता, आणि म्हणून बाईंना, शिकवणीच्या सरांना किंवा आईला तो कधीच दिसला नव्हता.

पदविका अभियांत्रिकीला असलेला चुलत भाऊ सुटीत घरी आला की मन लावून शिकवत असे. त्याचा भर सूत्रावर होता: वर्गसमीकरण दिसले की किमती घालायच्या आणि मुळे काढायची. गणित म्हणून त्यात काही चूक नाही. परंतु दहावीच्या प्रश्नात 'अवयव पद्धतीने सोडवा' किंवा 'पूर्ण वर्ग पद्धतीने सोडवा' असे लिहिलेले असते आणि गुण पायऱ्यांना मिळतात, त्यामुळे सूत्राने आलेल्या बरोबर उत्तरालाही तिचे गुण कापले गेले होते. याशिवाय आईच्या फोनवर समीकरण भरले की पायऱ्यांसह उकल दाखवणारे एक अ‍ॅप होते. एकूण चार मदतनीस होते, चौघांचीही उत्तरे बरोबर येत होती, आणि मुलगी तरीही मागे पडत होती.

एक उदाहरण जवळून

पहिल्या भेटीत मी तिला वही मिटायला सांगितले आणि गृहपाठात आधीच 'झालेले' एक उदाहरण पुन्हा घातले. दोन अंकी संख्येतील अंकांची बेरीज ९ आहे. अंकांची अदलाबदल केल्यावर मिळणारी संख्या मूळ संख्येपेक्षा २७ ने लहान आहे. मूळ संख्या कोणती? तिने दशक स्थानचा अंक क्ष आणि एकक स्थानचा य मानला, मूळ संख्या १०क्ष + य आणि नवी संख्या १०य + क्ष असे बिनचूक लिहिले, आणि पुढची ओळ अशी मांडली:

१०क्ष + य − १०य + क्ष = २७

यावरून ११क्ष − ९य = २७ आले. क्ष + य = ९ बरोबर सोडवल्यावर क्ष ची किंमत ५.४ आली. येथे ती थांबली. अंक ५.४ असू शकत नाही हे तिला लगेच कळले, आणि ही तिच्या समजेची मोठी खूण होती. पण त्यापुढे तिचा हात आपोआप दप्तराकडे, म्हणजे गाईडकडे गेला.

मी तिला ते काढू दिले, कारण तेथे काय होते ते मला पाहायचे होते. गाईडमध्ये लहान संख्येत २७ मिळवून मोठी संख्या आली असे मांडले होते: १०क्ष + य = १०य + क्ष + २७. या मांडणीत कंसाआधी वजाचिन्ह येतच नाही. त्यातून ९क्ष − ९य = २७, मग क्ष − य = ३, आणि शेवटी ६३ ही संख्या मिळते. मुलीने दोन्ही ओळी शेजारी ठेवून निष्कर्ष काढला की आपली रीत चुकीची आहे आणि गाईडची बरोबर. खरे तर मोठ्या संख्येतून लहान वजा करण्याची तिची रीत पूर्णपणे योग्य होती. तिला (१०क्ष + य) − (१०य + क्ष) असे लिहायचे होते, आणि दुसरा कंस उघडताना क्ष चे चिन्ह बदलायचे राहून गेले, इतकेच. बरोबर उत्तर देणाऱ्या मदतीने तिच्याकडून तिची चांगली रीत काढून घेतली आणि चूक जिथल्या तिथे राहू दिली.

अ‍ॅपची गोष्ट याहून बोलकी होती. तिने आधी हेच उदाहरण त्यावर तपासले होते, म्हणजे क्ष + य = ९ आणि ११क्ष − ९य = २७ ही आपली दोन समीकरणे त्यात भरली होती. अ‍ॅपने क्ष = ५.४ आणि य = ३.६ असे उत्तर दिले, आणि त्या दोन समीकरणांची तीच उकल आहे. समीकरण सोडवणाऱ्या साधनाला मूळ प्रश्न दिलेलाच नव्हता. त्यामुळे चुकीच्या समीकरणाची बरोबर उकल हातात आली आणि 'अ‍ॅपलाही हेच येतं' असा दिलासा तेवढा मिळाला.

चूक नेमकी कोठे

एका उदाहरणावरून निदान करणे धोक्याचे असते. शिकवणीचे सर 'सराव कमी पडतो' म्हणत होते, आईच्या मते ती घाई करत होती. घाईच्या चुका विखुरलेल्या असतात: कधी गुणाकार चुकतो, कधी अंक उतरवताना बदलतो. म्हणून मी तिला निरनिराळ्या प्रकरणांतली काही उदाहरणे पेनने, काहीही न खोडता सोडवायला दिली.

२क्ष² − ५क्ष + ३ = ० मध्ये मधल्या पदाची फोड तिने −२क्ष आणि −३क्ष अशी बरोबर केली, आणि मग २क्ष(क्ष − १) − ३(क्ष + १) असे लिहिले. दुसऱ्या कंसात क्ष − १ हवे होते. अवयव जुळेनात म्हणून ती अडली. श्रेढीच्या उदाहरणात पहिले पद २० आणि फरक −३ असताना दहावे पद काढायचे होते. तिने २० + ९ × (−३) ऐवजी २० + ९ − ३ लिहून २६ हे उत्तर काढले, जेव्हा ते पद −७ आहे. उतरत्या श्रेढीचे दहावे पद पहिल्यापेक्षा मोठे कसे, हा प्रश्न तिला येथे पडला नाही. तीन प्रकरणांची नावे वेगळी होती, पण चूक प्रत्येक ठिकाणी कंस आणि ऋण चिन्ह यांच्याच सांध्यावर होती.

दोन चलांतील रेषीय समीकरणांच्या साध्या उदाहरणांत मात्र ही चूक दिसत नव्हती, आणि त्यामुळे माझे निदान काही काळ डळमळले. ५क्ष − ३य = १४ मधून २क्ष − ३य = २ वजा करून य चा लोप करताना ती एकदाही चुकली नाही. कारण विचारल्यावर तिने सांगितले, "एकाखाली एक लिहिलं की खालची सगळी चिन्हं बदलायची, असं सरांनी सांगितलंय." उभ्या मांडणीत चिन्हे बदलणे ही तिच्यासाठी हाताला लागलेली सवय होती. तीच वजाबाकी आडव्या ओळीत (५क्ष − ३य) − (२क्ष − ३य) अशी दिली, तेव्हा तिने ५क्ष − ३य − २क्ष − ३य लिहिले आणि य नाहीसा होईना म्हणून गोंधळली. सरावसंचातील सुरुवातीची बहुतेक उदाहरणे उभ्या मांडणीने सुटतात. नियम पाठ होता, त्याचे कारण माहीत नव्हते, आणि वहीतील बरोबर उत्तरांनी ही पोकळी झाकून ठेवली होती.

आता हे तिच्याकडून सातवी-आठवीतच कसे निसटले, हे पाहणे भाग होते. मी १४ − (५ + ३) दिले. तिने ६ लिहिले. १४ − (५ − ३) दिले. तिने १२ लिहिले. दोन्ही बरोबर. मग १४ − (५ + क्ष) दिले, आणि तिने १४ − ५ + क्ष लिहिले. या तीन ओळींत सारे प्रकरण सामावले आहे असे मला वाटते. अंकगणितात कंसाच्या आतली बेरीज आधी करून टाकता येते, म्हणून कंस उघडण्याची वेळच येत नाही. आत क्ष आला की ती वाट बंद होते आणि वजाचिन्ह कंसातील प्रत्येक पदावर चालवावे लागते. अंकगणितात चांगली असलेली मुले बीजगणिताच्या उंबरठ्यावर अडखळतात, त्याचे हे एक खरे कारण आहे, आणि त्याचा बुद्धीशी किंवा मेहनतीशी संबंध नाही.

मी तिला क्ष च्या जागी ३ घालून दोन्ही बाजू काढायला सांगितल्या. एकीकडे ६ आले, दुसरीकडे १२. ती बराच वेळ त्या दोन अंकांकडे पाहत राहिली आणि मग म्हणाली, "सर, म्हणजे क्ष पण वजा व्हायला हवा." हे वाक्य तिचे होते, म्हणून ते टिकले.

ऋण वजा केले की धन का होते, हे समजावताना मी हिशेबाची भाषा वापरली: कोणाच्या नावावरचे ५०० रुपयांचे कर्ज काढून टाकले, तर त्याची स्थिती ५०० रुपयांनी सुधारते. धन आणि ऋण ही भाषा आपल्याकडे जुनी आहे, इ.स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने या राशींच्या बेरीज-वजाबाकीचे नियम दिले, आणि बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी बीजगणितावरील आपल्या ग्रंथाचा आरंभच धन-ऋण राशींच्या क्रियांनी केला. आमच्या तालुक्यातील पाटणे येथे सापडलेल्या शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. मी मुलीला हे सांगितले, कारण जो नियम तिला सुटत नव्हता तो एवढ्या मोठ्या गणितींनीही आधी मांडून मग पुढे जावे इतका महत्त्वाचा होता. सातवीचे पुस्तक पुन्हा उघडण्यातला तिचा कमीपणा त्याने बराच गेला.

मदतीची नवी घडी

नवीन मदतनीस वाढवून काही साधले नसते. असलेल्यांचे काम बदलायचे होते, आणि त्यासाठी सर्वांत आधी शाळेतील गणिताच्या बाईंना भेटलो. त्यांच्याकडे एकच मागणी केली: तिच्या वहीत उदाहरण अर्धवट असले, तरी जेथे अडले तेथे 'येथपर्यंत आले, पुढे हे कळत नाही' असे स्पष्ट लिहिलेले असेल, तर तो गृहपाठ पूर्ण धरावा. बाईंनी ते तात्काळ मान्य केले. माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत परिणामकारक पाऊल हेच होते. पूर्ण वहीला सही आणि अपूर्ण वहीला रागावणे, असा शिरस्ता असतो तोवर कोणतेही मूल आपली खरी अडचण कागदावर ठेवणार नाही. ते कोठून तरी उत्तर आणील, आणि वर्गावर साठ-सत्तर वह्या तपासणाऱ्या शिक्षकाला ते ओळखणे शक्य नसते.

वहीच्या पानाचे दोन भाग केले. डावीकडे तिचा स्वतःचा प्रयत्न, पेनने, न खोडता. उजवीकडे पडताळा, म्हणजे आलेली किंमत समीकरणात घालून दोन्ही बाजू जुळतात का ते पाहणे. आणि कंस उघडला असेल तर एखादी छोटी संख्या घालून तो बरोबर उघडला की नाही हे तपासणे. गाईड काढून घेतले नाही. ते उजवा भाग लिहून झाल्यावर उघडायचे, आणि त्यातली उकल उतरवायची नाही. आपली आणि गाईडची वाट कोणत्या ओळीवर वेगळी होते ती ओळ शोधून तिच्याखाली रेघ मारायची. वाट वेगळी असूनही दोन्ही बरोबर असू शकतात, हे तिला यातून हळूहळू उमगले.

चुलत भावाशी फोनवर बोललो. त्याने सोडवून दाखवू नये, तिने लिहिलेली शेवटची ओळ तिच्याकडून वाचून घ्यावी आणि 'ही ओळ वरच्या ओळीतून कशी आली?' एवढेच विचारावे, असे ठरले. त्याला हे जड गेले. ज्याला येते त्याच्या हातून पेन सुटत नाही, आणि धाकट्या बहिणीला अडलेले पाहवत नाही ही मायाच आहे. तरीही त्याने ते पाळले, आणि पुढे स्वतःच सांगितले की ओळ मोठ्याने वाचताना ती बहुतेक वेळा आपली चूक आपणच पकडते.

शिकवणीचा प्रश्न अवघड होता. वर्षाचे शुल्क भरलेले होते, त्यामुळे ती बंद करा असे सांगणे व्यवहार्य नव्हते. अखेर शिकवणीतील गृहपाठापैकी जे प्रकरण शाळेत अजून सुरू झालेले नाही, त्याचा लेखी गृहपाठ तिने तूर्त करू नये, असे आईने सरांशी बोलून ठरवले. सर प्रथम नाखूश होते. इतर पालक उद्या हेच मागतील अशी त्यांची भीती होती आणि ती अगदीच निराधार नव्हती.

अभ्यासिकेत आम्ही नवीन काही शिकवले नाही. सातवीतील बैजिक राशींच्या बेरीज-वजाबाकीपासून आठवीतील विस्तारसूत्रे आणि अवयवांपर्यंत, केवळ कंसाआधी वजाचिन्ह येते अशी उदाहरणे निवडून ती सोडवली, आणि त्याच दिवशीच्या दहावीच्या गृहपाठात तशी जागा कोठे येते ते तिच्याकडून शोधून घेतले. मागचे पुस्तक आणि चालू गृहपाठ यांची गाठ रोज घातली गेली, म्हणून मागे जाणे तिला शिक्षा वाटली नाही.

परिणाम

जानेवारीतील सराव परीक्षेत तिला बीजगणितात ४० पैकी २५ गुण मिळाले. कंस आणि चिन्हाची चूक उत्तरपत्रिकेत दोनच ठिकाणी होती, आणि त्यांपैकी एक तिने पडताळ्यात पकडून दुरुस्त केली होती. बाईंनी इतर मुलांच्या वह्या त्या नजरेने पाहिल्या, तेव्हा १४ − (५ + क्ष) वर अडखळणारी बरीच मुले त्याच वर्गात निघाली, आणि त्यांनी एक तासिका केवळ त्यासाठी दिली.

गुण गेले ते शाब्दिक उदाहरणांत, आणि तेथे नवा प्रश्न उभा राहिला. आई आणि मुलीच्या वयांची बेरीज ५० आहे, ५ वर्षांपूर्वी आईचे वय मुलीच्या वयाच्या चौपट होते, तर आजची वये काढा, असे उदाहरण होते. मुलीचे वय क्ष आणि आईचे य मानून तिने य = ४(क्ष − ५) असे लिहिले. पाच वर्षांपूर्वी आईही पाच वर्षांनी लहान होती, हे समीकरणात आले नाही. कंस तिने नीट उघडला, क्ष = १४ आणि य = ३६ ही उत्तरे काढली, ती आपल्या समीकरणांत घालून पडताळली, आणि पडताळा जुळला. बरोबर वये १३ आणि ३७ आहेत.

येथे पडताळ्याची मर्यादा उघडी पडली. तिने जे केले ते अ‍ॅपने आधी केले होते तेच: आपणच मांडलेल्या समीकरणाशी उत्तर जुळवून पाहिले. सराव परीक्षेनंतर आम्ही उजव्या भागात एक बदल केला. शाब्दिक उदाहरणाचा पडताळा समीकरणात न करता प्रश्नाच्या वाक्यात करायचा. म्हणजे १४ आणि ३६ ही वये घेऊन प्रश्न पुन्हा वाचायचा, ५ वर्षांपूर्वी मुलगी ९ ची आणि आई ३१ ची होती असे लिहायचे, आणि ३१ ही ९ ची चौपट आहे का ते पाहायचे. वयांच्या उदाहरणांत तिला हे लवकर जमले. प्रवाहाच्या दिशेने आणि प्रवाहाविरुद्ध जाणाऱ्या होडीच्या उदाहरणांत अजून जमत नाही, कारण तेथे वेग, अंतर आणि वेळ यांतील कोणती राशी वाक्यात दिली आहे आणि कोणती आपण काढली आहे, हेच तिच्या मनात वेगळे होत नाही. बोर्डाच्या परीक्षेपर्यंतचा वेळ त्यासाठी राखून ठेवला आहे, आणि सध्या ती समीकरण न मांडता केवळ राशींचा तक्ता भरून आणते.